कोडं किती अवघड हवं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘मनसुबा’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. निवडणुकीत पुढाऱ्यांचे मनसुबे उधळले जातात, पावसाळ्यात आपले सहलीचे. शब्द मुळात अरबी. गंमत अशी, की अरबी-फारसीतल्या जुन्या बुद्धिबळग्रंथांत मनसुबा म्हणजे चक्क बुद्धिबळाचं कोडं. पटावर ठरावीक मोहरे मांडायचे आणि समोरच्याला म्हणायचं, आता इथून जिंकून दाखव. अशा मनसुब्यांचे संग्रह हजार-अकराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये तयार होत होते. आपल्या मुंबईतही १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं अशाच मांडलेल्या डावांचं पुस्तक, मूळ संस्कृतावरून इंग्रजीत करून छापलं गेलं होतं. म्हणजे बुद्धिबळ खेळणं आणि बुद्धिबळाची कोडी सोडवणं हे दोन्ही नाद जुनेच.

त्या काळापासून अगदी परवापरवापर्यंत कोड्यांचा संग्रह म्हणजे पुस्तक. आणि पुस्तकाची एक मोठी सोय असते, ते कुठूनही उघडता येतं. हंगेरीचे लास्लो पोल्गार यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. आपल्या तीन मुलींना घरीच शिकवून त्यांनी बुद्धिबळात जगाच्या पहिल्या फळीत नेऊन बसवलं. त्यांचा विटेएवढा जाड ग्रंथ १९९४ साली निघाला. त्यात ५३३४ कोडी आणि डाव आहेत. सुरुवातीला एका खेळीत मात करण्याची ३०६ कोडी, मग दोन खेळींत मात करण्याची ३४१२, मग तीन खेळींतली ७४४. ज्याला जिथे झेपेल तिथे त्यानं पान उघडावं. डोकं शिणलं तर मागे यावं, खुमखुमी आली तर पुढे जावं. कोडं किती अवघड घ्यायचं, हे वाचकच ठरवत असे. आपण काही ठरवतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नसे.

इंटरनेटवर कोडी आली आणि हा निर्णय वाचकाच्या हातून गेला. तो यंत्राकडे गेला. पुढे काही वर्षांनी तो थोडासा परत मिळाला. पण मधल्या काळात आपली सवय गेली होती, आणि परत मिळालेल्या वस्तूचं काय करायचं, हे आता नव्यानं शिकावं लागतं आहे. आजचं बोलणं त्याबद्दल आहे. मी संध्याकाळी आमच्या वसाहतीतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवतो. मुलांच्या हातातल्या मोबाइलवर हा प्रश्न मला रोज दिसतो.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. बुद्धिबळात खेळाडूची ताकद एका आकड्यानं सांगतात, त्याला रेटिंग म्हणतात. ही पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. जन्मानं हंगेरियन, लहानपणीच अमेरिकेत गेलेले, मिलवॉकी शहरात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघानं ही पद्धत १९६० साली स्वीकारली आणि फिडे या जागतिक महासंघानं १९७० साली. कल्पना सोपी आहे. दोन खेळाडूंच्या आकड्यांतला फरक पाहिला, की कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज बांधता येतो. आकडे सारखे असतील तर निम्मे-निम्मे. दोनशेचा फरक असेल तर वरच्याला शंभरातले साधारण ७६ गुण. चारशेचा असेल तर ९१. अंदाजापेक्षा चांगलं खेळलात तर तुमचा आकडा चढतो, वाईट खेळलात तर उतरतो. पुढे मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञांनी त्यात आणखी एक भर घातली. नुसता आकडा पुरेसा नाही, त्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा, हेही मोजायला हवं, असं त्यांचं म्हणणं. नव्या खेळाडूचा आकडा भराभर हलतो, जुन्याजाणत्याचा सावकाश, तो त्यामुळेच.

आता हीच युक्ती कोड्यांना लावली गेली. कोडं हासुद्धा एक खेळाडूच, असं मानायचं. तुम्ही कोडं सोडवलंत तर तुम्ही जिंकलात आणि कोडं हरलं. तुम्ही चुकलात तर कोडं जिंकलं, त्याचं रेटिंग वाढलं. लीचेस या संकेतस्थळावर हे अगदी स्पष्ट दिसतं. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २०१० साली सुरू केलेलं, जाहिराती नसलेलं, सगळ्यांना फुकट असलेलं हे संकेतस्थळ. तिथल्या खेळाडूंनी खेळलेल्या खऱ्या डावांतून संगणक कोडी वेचून काढतो, आणि आज त्यांची संख्या ४० लाखांच्या वर आहे. कुणा गुरुजींनी बसून त्यांची वर्गवारी केलेली नाही. कोणतं कोडं किती अवघड, हे ते सोडवायला बसलेल्या लोकांनीच, म्हणजे त्यांच्या चुकांनी ठरवलं आहे.

हे मला फार आवडतं. रेडिओवरून पट दाखवता येत नाही, तरी डोळ्यांसमोर आणा. काळा राजा मागच्या ओळीत बसला आहे आणि त्याच्याच पुढ्यात त्याची तीन प्यादी भिंतीसारखी उभी आहेत. मागची ओळ राखायला कुणी नाही. पांढऱ्याचा हत्ती मोकळ्या उभ्या पट्टीतून सरळ वर जातो आणि शेवटच्या ओळीत शह देतो. राजाला पळायला जागा नाही. मात. एकदा दाखवलं की सात वर्षांचं पोरही हे पुन्हा ओळखतं. आता त्याच ओळीत काळ्याचा एक हत्ती राखणीला ठेवा. मग पांढऱ्याला आधी आपला वजीर त्या हत्तीपुढे नेऊन द्यावा लागतो, हत्ती वजीर मारायला जागचा हलतो, आणि मग तीच मात. कल्पना तीच, खेळी एकच वाढली, पण वजीर द्यायला माणसाचा हात धजत नाही. संगणकाला या दोन्ही कोड्यांत काही फरक वाटत नाही, तो दोन्ही क्षणात सोडवतो. अवघड जातं ते आपल्याला. घोड्याची मागे येणारी खेळी आपल्याला दिसत नाही, काहीही न मारता, शह न देता केलेली शांत खेळी सुचत नाही. कोड्याचा आकडा म्हणजे आपल्या या सगळ्या आंधळेपणाची बेरीज.

पण इथेच एक अडचण होती. यंत्र तुमचं रेटिंग पाहतं आणि तुमच्या तोडीचं कोडं देतं. तोडीचं म्हणजे काय? एलोंच्या हिशेबात तोडीचं म्हणजे निम्म्या वेळा तुम्ही हरणार. गणित चोख आहे. पण नववीतला मुलगा रात्री अभ्यास संपवून अर्धा तास कोडी सोडवायला बसतो, वीस कोडी सोडवतो, आणि त्यातल्या दहांवर लाल फुली येते. रोज. महिनाभर मेहनत करून त्याचं रेटिंग वाढलं, तर त्याला बक्षीस काय मिळतं? आणखी अवघड कोडी, आणि पुन्हा निम्म्यांवर लाल फुली. शाळेत रोज पन्नास टक्के मिळत राहिले तर आपण पालकांना भेटायला बोलावतो. इथे ती व्यवस्थाच आहे.

काही जणांना हे चालतं. किंबहुना त्यांना तेच हवं असतं. पण काही जणांचं मन यानं मोडतं, आणि ती माणसं आपल्याला सांगायला येत नाहीत. ती नुसती यायची बंद होतात. आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच थांबली होती. तिच्या आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला येत नाही ते.’ तिला येत होतं. तिच्या वयाच्या मानानं फारच चांगलं येत होतं. तिला रोज निम्मं चुकवणारं यंत्र मिळालं होतं, एवढंच. निवृत्तीनंतर पुन्हा पटाकडे वळलेल्या मंडळींचंही असंच होतं. साठीनंतर रोज संध्याकाळी कुणी आपल्याला दहा वेळा ‘चूक’ म्हणावं, ही काही करमणूक नव्हे.

म्हणून लीचेसवर २०२० साली कोड्यांचा विभाग नव्यानं बांधला गेला आणि पातळी निवडायची सोय आली, तेव्हा मला ती मोठी गोष्ट वाटली. पाच पातळ्या आहेत. मधली नेहमीची, म्हणजे तुमच्या तोडीची. त्याच्या खाली दोन, सोपी आणि सर्वांत सोपी. वर दोन, अवघड आणि सर्वांत अवघड. एक पायरी उतरलात तर कोडी तुमच्या रेटिंगपेक्षा साधारण ३०० नं खालची येतात, दोन उतरलात तर ६०० नं. वर चढतानाही तेच. चेस डॉट कॉम या दुसऱ्या मोठ्या संकेतस्थळावरही अमुक रेटिंगपासून तमुक रेटिंगपर्यंतची कोडी मागवता येतात. पुस्तकाची पानं पुन्हा मागे-पुढे उलटता येऊ लागली म्हणायची.

यावर पहिला आक्षेप आला तो गुणांचा. सोपी कोडी सोडवून कुणीही रेटिंग वाढवून घेईल, असं अनेकांना वाटतं. वरकरणी बरोबर वाटणारं हे म्हणणं गणितात टिकत नाही. समजा, एका कोड्यावर वीस गुण पणाला लागले आहेत. खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण मर्म हेच. कोडं तुमच्यापेक्षा ३०० नं सोपं असेल तर तुम्ही शंभरात ८५ वेळा ते सोडवणार, असा यंत्राचा अंदाज. म्हणून सोडवलंत तर फक्त तीन गुण मिळतात आणि चुकलात तर सतरा जातात. वीस कोडी घेतलीत, सतरा बरोबर आली, तर सतरा त्रिक एक्कावन्न मिळाले. तीन चुकली, तर तीन सतरा एक्कावन्न गेले. हातात शून्य. सर्वांत अवघड कोडी घ्या, तिथंही शेवटी शून्यच. तुमची समज वाढली तरच आकडा वाढेल, मग तुम्ही कोणतीही पातळी घ्या. त्यामुळे सोपी कोडी घेणं ही लबाडी नाही.

उलट, सोपी कोडी घेणाऱ्याची एक वेगळी तक्रार असते. सतरा कोडी नेमानं सोडवली आणि एका बेसावध क्षणी घोड्याऐवजी उंट उचलला, की धाडकन सतरा गुण गेले. ‘एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा?’ असं वाटतं. मला तर हा सोप्या पातळीचा गुण वाटतो. खऱ्या डावात आपण हरतो ते बहुतेक वेळा अशाच एवढ्याशा चुकीनं. पाच खेळी पुढचं काही दिसलं नाही म्हणून हरणं हे फार वरच्या लोकांचं भाग्य. आपण वजीर उघड्यावर ठेवून हरतो.

आता ८५ हा आकडा जरा लक्षात ठेवा. २०१९ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात रॉबर्ट विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. शिकणाऱ्यानं किती वेळा बरोबर यावं म्हणजे तो सर्वांत वेगानं शिकतो, असा त्यांचा प्रश्न. उत्तर आलं, साधारण ८५ टक्के. चूक साधारण १५ टक्के. एलोंच्या कोष्टकात ३०० च्या फरकाला हाच आकडा बसतो! म्हणजे लीचेसवरची एक पायरी खालची, ‘सोपी’ म्हटलेली पातळी, नेमकी या आकड्यावर येते. हा योगायोग आहे आणि तो योगायोग म्हणूनच घ्यावा. त्या निबंधातलं गणित एका ठरावीक प्रकारच्या शिकण्यापुरतं आहे, हे का ते असं दोहोंतलं एक ओळखायला शिकणाऱ्या संगणकाच्या रीतींवर ते मांडलेलं आहे. बुद्धिबळाचा त्यात संबंध नाही. तरीही वर्गात पाहतो त्याच्याशी ते जुळतं. वीसपैकी तीन चुकलेला मुलगा त्या तीन कोड्यांकडे परत जातो, ती का चुकली ते विचारतो. वीसपैकी दहा चुकलेला मुलगा पुढचं कोडं उघडतो.

याच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे, ते झाकून चालणार नाही. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बियॉर्क यांनी १९९४ साली ‘हवीशी अडचण’ अशा अर्थाची एक संज्ञा वापरली, ती शिक्षणक्षेत्रात रुजली. त्यांचं सांगणं असं, की शिकताना जे सोपं जातं ते टिकतंच असं नाही. थोडं अडखळत, आठवायला कष्ट घेत शिकलेलं जास्त टिकतं. हे खरंच आहे. सर्वांत सोप्या पातळीवर, जिथे शंभरात ९७ कोडी सुटायची असतात, तिथे महिनोन् महिने बसून राहणारा माणूस शिकत नाही, जपमाळ ओढतो. जपमाळही वाईट नाही, मन शांत होतं. पण तिला सराव म्हणू नये.

‘मुलांच्या हातात निवड दिली तर ती सोपंच घेणार,’ असं अनेक प्रशिक्षक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. मुलं सोपं घेत नाहीत. सर्वांत अवघड घेतात. त्यातही चार मित्र शेजारी बसले असतील तर हमखास. ‘सर्वांत अवघड’ हे शब्दच मुळी मानाचे आहेत, आणि ‘सोपी’ हा शब्द अपमानाचा. दहा वर्षांच्या मुलाला तुम्ही ‘सोपी’ असं लिहिलेलं बटण दाबायला सांगता, म्हणजे पंगतीत त्याला लहान मुलांच्या ताटावर बसवता. तो बसणार नाही. तो ६०० नं वरची कोडी उघडतो. तिथे त्याची सुटण्याची शक्यता शंभरात तीन. मग काय होतं? तो विचार करणं सोडतो. कारण विचार करूनही काही हाती लागत नाही हे दोन दिवसांत त्याला कळतं. तो अंदाज लावू लागतो. अवघड कोड्यात बहुधा काहीतरी मोठं द्यावं लागतं, एवढं त्याच्या ध्यानात आलेलं असतं. म्हणून तो पहिल्याच खेळीला वजीर देऊन टाकतो. एखाद्या वेळी ते बरोबर येतं आणि ढीगभर गुण मिळतात. पुढच्या रविवारी स्पर्धेत हा मुलगा चांगल्या चाललेल्या डावात उगाच वजीर देऊन बसतो, आणि त्याच्या वडिलांना कळत नाही की घरी एवढा सराव करणाऱ्या पोराला झालं काय.

मला वाटतं, दोष मुलाचा नाही आणि निवडीचाही नाही. दोष बटणावरच्या शब्दांचा आहे. सोपी, अवघड ही विशेषणं काढून टाका आणि तिथे सरळ लिहा, ‘या पातळीवर तुमची शंभरातली साधारण ८५ कोडी सुटतील’, ‘इथे ५०’, ‘इथे ३’. आकडे यंत्राकडे आहेतच, ते माझ्या पदरचे नाहीत. शंभरात तीन असं समोर लिहिलेलं दिसलं, तर किती मुलं ते बटण दाबतील? काही दाबतील. दाबू देत. पण मग निदान जाणूनबुजून दाबतील. वर्गात मी फळ्यावर हे पाच आकडे लिहून ठेवले आहेत आणि मुलांना पातळीचं नाव घ्यायची बंदी आहे. ‘मी आज पंचाऐंशीवर बसतो,’ असं म्हणायचं. याचा उपयोग होतो. निदान ताटाचा प्रश्न मिटतो.

मोठ्या खेळाडूंना सोप्याचं वावडं नसतं, हेही मुलांना सांगावं लागतं. स्वीडनचे हान्स टिक्कानेन २०१० साली ग्रँडमास्टर झाले. त्यांनी आणि त्यांचे मित्र अ‍ॅक्सेल स्मिथ यांनी सरावाची आपली पद्धत २०१८ साली पुस्तकात मांडली. तिला त्यांनी सुतारपक्ष्याचं नाव दिलं आहे. तीच तीच कोडी पुन्हा पुन्हा सोडवायची, दर फेरीला आधीपेक्षा कमी वेळात. सुतारपक्षी एकाच ठिकाणी चोच मारत राहतो तसं. पुस्तकात ११२८ कोडी आहेत, त्यांतली २२२ सोपी, ७६२ मध्यम आणि १४४ अवघड. म्हणजे अवघड सर्वांत कमी! ग्रँडमास्टर होण्याच्या वाटेवरचा माणूस एकदा सोडवलेलं सोपं कोडं सातव्यांदा सोडवतो आहे, कशासाठी? ती आकृती डोळ्यांत इतकी मुरावी, की डावात घड्याळाचा काटा टोचत असताना ती शोधावी लागू नये. सोप्या कोड्याचं काम वेगळं आणि अवघड कोड्याचं वेगळं. सोपं कोडं नजर तयार करतं, तर अवघड कोडं बसून राहण्याची ताकद देतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहिलं करावं, सुटीच्या सकाळी दुसरं. आज आपल्याला काय हवं आहे, हे यंत्राला कसं कळणार? त्याला तुमचं रेटिंग ठाऊक आहे; तुम्ही आज तापातून उठला आहात की उद्या तुमचा सामना आहे, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून निवड माणसाकडे हवी, असं माझं मत.

आणि वेळ. अवघड पातळीबद्दल बोलताना वेळेचा विषय कुणी काढत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. लीचेसच्या नेहमीच्या कोड्यांना घड्याळ नसतं. दहा सेकंदांत सोडवा की वीस मिनिटांत, गुण तेच. घड्याळ लावून सोडवायचे खेळ वेगळे आहेत. चेस डॉट कॉमनं २०१८ साली सुरू केलेला ‘पझल रश’ तसा आहे. त्यात सोप्यापासून सुरुवात होते, कोडी चढत जातात आणि तीन चुका झाल्या की खेळ संपतो. तिथे घाई हाच खेळ आहे. पण नेहमीच्या कोड्यांवरही लोक घाईच करतात. कोड्याचा आकडा हा मोबाइलवर, बसमध्ये उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात उत्तर देणाऱ्या लोकांनीही मिळून ठरवलेला आहे. तुम्ही पट काढून, मोहरे मांडून, हात पाठीमागे बांधून पंधरा मिनिटं बसलात, तर ३०० नं वरचं कोडंही तुमच्या आवाक्यात येऊ शकतं. पातळी वर नेणार असाल तर वेळही वर न्या. वेळ नसेल तर पातळी खाली आणा. आमच्याकडे शनिवारी एकच अवघड कोडं देतो, आणि पंधरा मिनिटं कुणी मोहऱ्याला हात लावायचा नाही. पहिली पाच मिनिटं मुलं चुळबुळतात. मग एक विशेष शांतता येते.

निवडीच्या या सोयीत एक बारीक खोट मात्र आहे आणि ती मला अजून सोडवता आलेली नाही. लीचेसवाले कोडं सुटेपर्यंत त्याचं रेटिंग झाकून ठेवतात. बरोबरच करतात. कारण कोडं किती अवघड आहे हे कळणं, हीच एक सूचना असते. सोपं आहे असं कळलं की आपण पहिला दिसेल तो शह देतो. अवघड आहे असं कळलं की समोर फुकट मिळणारा हत्ती सोडून देतो, कारण तो सापळा असणार हे आपण ताडतो. पण मी स्वतःच ‘सर्वांत अवघड’ निवडल्यावर ते झाकणं फुकट गेलं! मी आता पट पाहायच्या आधीच संशयी झालो. खऱ्या डावात असं कुणी कानात येऊन सांगत नाही. समोरच्यानं हत्ती उघडा ठेवला तर तो चुकला असेल किंवा डाव रचत असेल, ठरवायचं आपण. मुळात इथे काही शोधण्यासारखं आहे, एवढंही कुणी सांगत नाही. चाळीस साध्यासुध्या खेळ्या होतात आणि एकेचाळिसावीला संधी येते, तीही घंटा न वाजवता.

यावर मी वर्गापुरता एक तोडगा काढला आहे. घरात मुलाची पातळी आईनं किंवा बाबांनी बदलायची, आठवड्यातून दोनदा, कधी वर, कधी खाली. पडद्याचा तो कोपरा झाकायला एक कागदाची चिठ्ठी चिकटवायची. उपाय गावठी आहे. मुलं पहिल्या तीन कोड्यांत ओळखतात, कबूल आहे. पण पहिली तीन तरी खऱ्या डावासारखी सोडवली जातात.

पालकांशी बोलताना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. कोड्यांचं रेटिंग आणि खेळाचं रेटिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. या संकेतस्थळांवर कोड्यांचा आकडा खेळाच्या आकड्यापेक्षा बहुतेकांचा वरचाच असतो, कित्येकदा चांगला काहीशेंनी. कारण सोपं आहे, कोड्यात काहीतरी आहे हे आधी कळलेलं असतं. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून क्लासच्या दारात गर्दी वाढली आहे, फार चांगलं झालं. पण त्या दारात उभं राहून ‘आमच्याचं कोड्यांचं रेटिंग दोन हजार आहे, तुमचीचं किती?’ असं विचारणं बंद व्हायला हवं. कारण तो आकडा खाली जाईल या भीतीनं मुलं पातळी बदलतच नाहीत, नेहमीच्या पातळीवर चिकटून बसतात आणि निम्म्या लाल फुल्या सोसत राहतात. लीचेसवर एक बटण असं आहे, की ते बंद केलं तर कोड्यांचे गुण मोजलेच जात नाहीत. मघाशी सांगितलेली ती मुलगी परत आली ती या बटणामुळे. दोन महिने तिनं गुण न मोजता, एक पायरी खाली उतरून कोडी सोडवली. आता मोजते. पातळी कोणती घेते ते मी विचारत नाही.

वेळ संपत आली. जाता जाता पट काढा आणि चारच मोहरे मांडा. पांढऱ्याची बाजू खाली धरा. पांढरा राजा उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, एच आठ या घरात. पांढरं प्यादं सी सहा या घरात. काळा राजा ए सहा या घरात. काळं प्यादं एच पाच या घरात, ते खाली धावणार आहे. खेळी पांढऱ्याची. पांढऱ्यानं डाव बरोबरीत सोडवायचा आहे. १९२१ साली रिचर्ड रेटी यांनी हे रचलं. सोपं आहे की अवघड, ते मात्र मी सांगणार नाही.